हातातून हातात

सुनंदानं पेरू पुढे केला आणि मी हात पुढे केला. पेरू मधोमध चिरलेला होता, आत तिखटमीठ भरलेलं, आणि दोन्ही फोडी पुन्हा एकमेकींवर घट्ट दाबून बसवलेल्या. असा चिरून परत जोडलेला पेरू कोणी कशासाठी देतं, हे आमच्या हॉस्टेलात कालपरवा आलेल्या पोरीलाही कळलं असतं. मलाही कळलं. तरी मी हात पुढे केलाच.

सुनंदाचं लक्ष जिन्याकडे होतं. समोर कोण आहे ते न बघताच तिनं पेरू धरला होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, तिचा चेहरा उतरला आणि तिनं पेरू झटकन मागे घेतला.

"नको गं हेमा, हा किडका आहे," ती म्हणाली.

"असू दे. दे."

"नको म्हटलं ना. तुला दुसरा आणते." पेरू ओढणीखाली लपवून ती गेली. दुसरा काही आणला नाही.

आमच्या खोलीच्या दारात माझी जोडीदारीण उभी होती, एस्तेर सातपुते. तिनं सगळं पाहिलं होतं.

"किडका नव्हता तो," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आत सुपारी होती."

"माहीत आहे."

"मग हात का पुढे केलास, हेमलता?"

मला भूक नव्हती, पेरू आवडायचा असंही नव्हतं. त्या दिवसांत कोणी काही पुढे केलं की घ्यायचं आणि ऊठ म्हटलं की उठायचं, एवढंच मला समजत होतं.

आधी खेळ काय होता ते सांगते, नाहीतर हे सगळं वेड्यांच्या इस्पितळातलं वाटेल. मिरजेत आमची नर्सिंगची शाळा होती आणि तिला लागून मुलींचं हॉस्टेल. दरवर्षी थंडीत तिथे सुपारीचा खेळ व्हायचा. मुंबईच्या टोळ्यांच्या बातम्या तेव्हा रोज पेपरात यायच्या, अमक्यानं तमक्याची सुपारी दिली म्हणून. त्यातूनच आमच्या आधीच्या कुठल्यातरी टारगट बॅचला हे सुचलं असणार. चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडायच्या. प्रत्येकीजवळ एक सुपारी. ती आपल्या हातातून दुसरीच्या हातात गेली, नुसती म्हणा किंवा कशात दडवून म्हणा, आणि तिची बोटं मिटली, की ती मेली. ती मेली की तिची जोडीदारीणही गेली. कोणी कोणालाही मारावं. फक्त वॉर्डात, वर्गात आणि आजारी मुलीच्या खोलीत खेळ बंद. आणि आपल्या जोडीदारणीचा हात निर्धोक, तिच्या हातून कोणी मरत नसे.

मीठ हातात देऊ नये, भांडण होतं, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्याकडे त्या महिन्यात काहीच हातात देत नसत. कंगवा खाली ठेवायचा, मग दुसरीनं उचलायचा. पत्र आलं तर पायरीवर ठेवून चार पावलं मागे सरायचं. बाहेरचं माणूस आलं असतं तर त्याला वाटलं असतं, या पोरी एकमेकींचा विटाळ पाळतात की काय.

खेळावर देखरेखीला एक मुकादम असायची, तिसऱ्या वर्षाची. त्या वर्षी शालनताई होती. पण मुकादम काही पहारा करत नसे. कोण मेलं हे मेलेलीनंच सांगायचं. "मी बाद" एवढे दोन शब्द, चारचौघींसमोर, स्वतःच्या तोंडानं. मारणारीनं कितीही आरडाओरडा केला तरी मेलेली जोवर म्हणत नाही तोवर ती जिवंत; फक्त आपण मेलोय हे माहीत असताना तिनं कोणाला मारायचं नाही. सगळा खेळ या एका भरवशावर चालायचा, आणि नवल म्हणजे चालायचा.

जिंकणाऱ्या जोडीला अडकित्ता मिळे. पितळी, जुना, मोराच्या आकाराचा, लाल फितीत ओवलेला. वर्षभर तो जिंकलेलीच्या खाटेशी टांगलेला असे. एस्तेरला तो हवा होता. हवा होता म्हणजे नुसता आवडला होता असं नाही. आदल्या वर्षी शेवटच्या दोन जोड्यांत असताना अंधारात कोणीतरी तिच्या हातात केसांचा आकडा दिला, त्याबरोबर सुपारीही आली आणि लगेच खाली पडली. देणारीला वाटलं नेम चुकला. दुसरी कोणी असती तर मूग गिळून बसली असती. एस्तेर दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "मी बाद. माझी बोटं मिटली होती." ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या रक्तात नव्हतं. नगरकडची, मिशनच्या शाळेत वाढलेली, उंच, कमी हसणारी. चिठ्ठीत तिचं नाव माझ्या वाट्याला आलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता.

खेळ सुरू झाला आणि चारच दिवसांत माझे वडील गेले. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, जत डेपोला. जेवून हात धुवायला म्हणून उठले आणि मोरीतच बसले ते उठलेच नाहीत. मी गावी गेले, त्यांचे दिवस होईपर्यंत राहिले आणि परत आले. मधल्या काळात मी रडले नाही. आत्यानं माझ्या पाठीत धपाटे घातले, "रड गं बाई, रड, अशी बसू नकोस, उरात कोंडल तुझ्या." बायका गळ्यात पडून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. शेवटी आई म्हणाली, राहू द्या, तिला शिक्षणानं दगड केलंय. त्याचंही मला काही वाटलं नाही.

परत आल्यावर वॉर्डात मात्र माझं कौतुक व्हायला लागलं. भाजलेल्या पेशंटचं ड्रेसिंग करताना आधी माझे हात थरथरायचे, आता थरथरत नव्हते. "खाडे, तुझा हात बसला आता," सिस्टर म्हणाल्या. हात बसला होता खरा. बाकीचंही सगळं बसलंच होतं.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी मरायला हवं होतं. मला काही ध्यानच नव्हतं. जी जे देईल ते मी घेत होते. पण सुनंदानं पेरू मागे घेतला. मग मालननं चहाचा कप पुढे केला, मला ओळखलं आणि कप खाली ठेवला. एका पहिल्या वर्षाच्या पोरीनं तर माझ्या हातात रुमालाची घडी ठेवलीच होती. ती घडी तिनं माझ्या बोटांतून अक्षरशः उपटून काढली आणि "सॉरी ताई, सॉरी ताई" करत पळाली. एस्तेर मेली की मीही जाणार, म्हणून एस्तेरलाही कोणी हात लावेना. बाकीच्या जोड्या एकमेकींना टिपत होत्या आणि रोज कोणीतरी मेसमध्ये उभी राहून "मी बाद" म्हणत होती. आम्ही दोघी मात्र कडेला ठेवलेल्या देवासारख्या तशाच होतो.

माझ्याशी बोलताना सगळ्या आवाज उतरवायच्या. मी मेसमध्ये शिरले की हसणं थांबायचं. अण्णांचं नाव तर कोणीच काढत नसे. जेवण कसं आहे, झोप लागली का, स्वेटर आणलास का, सगळं विचारायच्या. चांगल्या होत्या पोरी. त्यांना नावं ठेवायला जागा नाही.

एके दिवशी एस्तेर खोलीत आली आणि खाटेवर धपकन बसली.

"आज मी मालनला डबा दिला," ती म्हणाली. "तिनं झाकण उघडलं, सुपारी पाहिली आणि माझ्याकडे बघत बघत मुद्दाम आत हात घातला."

"मग ती बाद."

"नाही. मी सुपारी काढून घेतली. तिला म्हटलं, हे मी धरणार नाही. ती म्हणाली, अगं, हेमासाठी." एस्तेर माझ्याकडे बघत राहिली. "हेमलता, तुला राग येत नाही?"

"कशाचा?"

त्या दिवशी जेवणाच्या वेळी ती मेसमध्ये उठून उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, मेली वाटतं.

"शालनताई, मला एक विचारायचं आहे," ती म्हणाली. "हेमलता खेळात आहे की नाही?"

शालनताईनं तिला डोळ्यांनी दटावलं. "एस्तेर, नंतर बोलू या का?"

"ती आजारी असेल तर तिला खेळातून काढा, मीही बाहेर बसते. नसेल, तर बाकीच्यांना मारता तसं तिलाही मारा. दयेनं मिळालेला अडकित्ता मला नको."

कोणीतरी पुटपुटलं, "हिला काळीज आहे की नाही?" दुसरी म्हणाली, "बाप गेलाय तिचा, आणि हिला अडकित्त्याचं पडलंय." हे सगळं माझ्या समोर, मी आमटीत भाकरी कुस्करत असताना. मी एस्तेरकडे बघितलं नाही आणि त्या बोलणाऱ्यांकडेही नाही. मनाला लावून घ्यायला मन जागेवर असावं लागतं.

शालनताई म्हणाली, "बस खाली. खेळात आहे ती." एस्तेर बसली. फरक काहीच पडला नाही. उलट आता एस्तेरशी बोलायचंही कमी झालं. ती एकटीच डाव रचायची, खऱ्याखुऱ्या बेसावध मुली हेरायची आणि त्यांना चोख मारायची. मला कुठे उभं राहायचं ते सांगायची, मी उभी राहायचे. असं करत शेवटी दोनच जोड्या उरल्या. एक आमची, दुसरी नजमा बागवान आणि सुलोचना यांची.

नजमा मिरजेचीच. तिच्या घरचा फळांचा गाडा स्टँडजवळ असायचा. हॉस्टेलात तिच्याइतकी कपटी खेळाडू नव्हती आणि तिच्याइतकी बोलकीही. पण मी परत आल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. समोरून येताना दिसले की ती वाट बदलायची. तेही मला फक्त दिसलं होतं, त्याचं काही वाटलं नव्हतं.

दुपार कलली होती. ड्यूटी संपवून मी हॉस्टेलच्या मागच्या पायऱ्यांवर बसले होते. समोर दोऱ्या रिकाम्या होत्या. हॉस्टेलच्या चादरी वाळून आत गेल्या होत्या. नजमा आली आणि उभी राहिली.

"बसू काय हितं?" तिनं विचारलं.

"बस."

ती एक पायरी सोडून खाली बसली. डोळे लाल दिसत होते तिचे. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

"हेमा," ती म्हणाली, "कुठल्या गाडीवर होते गं तुझे अण्णा?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. घरी ते सगळ्यांना माहीतच होतं आणि इथे कोणी तोंड उघडत नव्हतं.

"जत-मिरज," मी म्हणाले. "कधी जत-सोलापूर. पण जास्त करून मिरजच."

"म्हंजे हितल्या स्टँडवर यायचे?"

"आठवड्यातून दोनदा. मी जायचे भेटायला."

"मग खाली उतरून भेटायचे, का कसं?"

"उतरायचे नाहीत. गाडीला टाइम नसायचा. शिवाय त्यांना ते आवडायचं नाही, पॅसेंजर खोळंबलेत आणि ड्रायव्हर पोरीशी गप्पा मारतोय. मी आपली त्यांच्या बाजूला खिडकीखाली जाऊन उभी राहायचे. ते काच सरकवायचे."

"आन् मग?"

"मग काय, आईनं काहीतरी दिलेलं असायचं. शेंगा, नाहीतर कडक भाकरी. कागदात बांधलेलं. ते खिडकीतून खाली धरायचे. आणि विचारायचे, जेवलीस?" बोलताना माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा ऐकू येत होता, पण थांबत नव्हता. "दरवेळी तेवढंच. दुपारी चारला आले तरी जेवलीस, सकाळी आठला आले तरी जेवलीस. आणि मी जेवले म्हणेपर्यंत पुडकं सोडायचे नाहीत. मी खालून ओढायचे, ते वरून धरून ठेवायचे. कंडक्टर घंटी मारायचा, मागचे लोक ओरडायचे, तरी सोडायचे नाहीत."

"खरं?"

"अगं खरंच. एकदा मी चिडून गप्पच बसले, म्हटलं बघू किती वेळ धरतात. तर त्यांनी गियर टाकला, गाडी हलली, मी गाडीबरोबर चालतेय, आणि हे पुडकं धरून वरून विचारतायत, जेवलीस का, जेवलीस का."

मला हसू आलं. इतक्या दिवसांनी ते आलं आणि मधेच कुठेतरी अडकलं.

"कसं धरायचीस तू?" नजमानं विचारलं. तिचा आवाज घोगरा झाला होता. "दाव की."

"असं," मी म्हणाले, आणि हात वर केला, तळवा उघडा, बोटं जरा वाकवलेली. तो स्टँड, ते डिझेल, ती काच सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. माझ्या तळव्यात काहीतरी टेकलं आणि माझी बोटं मिटली.

मी हात खाली घेऊन उघडला. सुपारी होती.

मला कळायला वेळ लागला. मग मी उठले आणि नजमाच्या खांद्यावर, पाठीवर, जिथे लागेल तिथे मारत सुटले. ती हात वर करून नुसती बसून राहिली.

"लाज नाही वाटत तुला?" मी ओरडत होते. "मी माझ्या अण्णांचं सांगत होते. मेले आहेत ते. मी त्यांचं सांगत होते आणि तू खेळतेस? माझ्या मेलेल्या बापावर खेळतेस तू?"

माझा आवाज सबंध हॉस्टेलभर गेला असणार. पोरी धावत आल्या. शालनताई आली. कोणीतरी मला मागून धरलं. एस्तेर सगळ्यांच्या मागून आली आणि नेहमीसारखी हात बांधून उभी राहिली.

"हे धरायचं नाही," मी तिला म्हणाले. "एस्तेर, हे धरायचं नाही. हिनं अण्णांचं विचारून मला फसवलं."

"सुपारी तुझ्या हातात आली?" एस्तेरनं विचारलं.

"अगं, पण मी त्यांचं..."

"तुझी बोटं मिटली का?"

"तू माझ्या बाजूची आहेस की तिच्या?"

"हेमलता, बोटं मिटली का?"

एक जण रडवेल्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे ना एस्तेर, सोड तिला." एस्तेरनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"मिटली," मी म्हणाले.

"मग म्हण."

ते दोन शब्द तर होते. मेसमध्ये किती जणींनी ते हसत हसत म्हटलेले मी ऐकले होते. मी तोंड उघडलं. "मी" एवढंच आलं. पुढचा शब्द येईना, त्याच्याऐवजी जे आलं ते मी थांबवू शकले नाही. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. सुबक, डोळे टिपत, तसलं रडणं नव्हतं ते. जनावर ओरडतं तसं होतं. नाक वाहत होतं, श्वास मिळत नव्हता. मला फार दुखत होतं. अण्णा गेले होते, आणि ते मला तेव्हा, त्या पायरीवर कळलं. नजमाही शेजारी बसून रडत होती. मी तिला अजून अधूनमधून मारतच होते.

एस्तेरनं मला हात लावला नाही. जरा दम लागून मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "म्हण."

"मी बाद," मी म्हणाले.

"ऐकलं," शालनताई म्हणाली. मग एस्तेर खाली बसली आणि तिनं मला जवळ घेतलं. तिची हाडं टोचत होती, तेही मला जाणवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये अडकित्ता द्यायचा होता. माझे डोळे सुजून बारीक झाले होते आणि मला सपाटून भूक लागली होती. मी पोहे तिसऱ्यांदा वाढून घेत असताना शालनताईनं अडकित्ता काढला आणि नजमा, सुलोचना यांची नावं घेतली. सुलोचना उठली. नजमा जागेवरच उभी राहिली.

"शालनताई, आमाला न्हाई मिळायचा तो," ती म्हणाली. "मी बाद आहे. काल दुपारपासनंच."

सुलोचनाचं तोंड उघडंच राहिलं.

"कोणी मारलं?" शालनताईनं विचारलं.

"एस्तेरनं. चादरीची घडी घालताना. म्हंजे हेमाला मी मारलं तेवा मी मेलेलीच होते. मेलेलीनं मारलेलं चालत न्हाई. त्या दोघी जिंकल्या."

आता, कोण मेलं हे मेलेलीनंच सांगायचं, हा नियम होता तो खोटं जिवंत राहणारीसाठी. खोटं मरणारी कोणी निघेल हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ही खरी मेली की खोटी हे ठरवायला दुसरं माणूस एकच होतं. शालनताई आमच्या टेबलाकडे वळली.

"एस्तेर, तू मारलंस का हिला?"

एस्तेर उभी राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कानापर्यंत लाल झाला. जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना केल्याशिवाय घास न घेणारी, आदल्या वर्षी अंधारातलं मरण उजेडात येऊन सांगणारी ती मुलगी टेबलाकडे बघत म्हणाली, "नाही."

नजमा तिच्याकडे बघत राहिली. "एस्तेर," ती हळूच म्हणाली.

"मी मारलं नाही. हेमलता बाद झाली. तिनं स्वतः सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं."

शालनताईनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग अडकित्ता नजमापुढे टेबलावर ठेवला. "मारणारी नाही म्हणते, म्हणजे मारलेलं नाही," ती म्हणाली. नजमा खाली बसली. अडकित्त्याला तिनं बराच वेळ हात लावला नाही. शेवटी सुलोचनानं तो उचलला.

वॉर्डाकडे जाताना एस्तेर माझ्या पुढे झपाझप चालत होती. मी धावत तिला गाठलं.

"तू मारलं होतंस तिला," मी म्हणाले.

"हो."

"चादर धरताना?"

"एकटीनं घडी पडत नाही. तिनं माझ्या हातातून टोकं घेतली. बेसावध होती, अगदी चोख मेली."

"म्हणजे आपण जिंकलो होतो."

"दुपारीच."

"मग?"

ती थांबली नाही. समोर बघतच बोलत होती. "तिला म्हटलं, आत्ता सांगू नकोस. आधी हेमलताला मार, तिच्या अण्णांचं विचारून मार. ती नाही म्हणाली. म्हणाली, मेलेलीनं मारायचं नसतं, आणि हेमाचं तोंड मला बघवत नाही. मग मी तिच्या पाया पडले."

एस्तेरच्या घरी माणसाच्या पाया पडायची रीत नव्हती. मास्तरांच्यासुद्धा ती कधी पडली नव्हती.

"अण्णांचं तूच विचारायचंस की," मी म्हणाले.

"मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस आणि परत तशीच बसली असतीस. माझ्या हातून तुला काही झालं नसतं. तुला राग यायला हवा होता, हेमलता. इतके दिवस या पोरी तुला सांभाळत होत्या, तिरडीवरच्या माणसाला सांभाळतात तसं. कोणी तुला मारायलाच तयार नव्हतं."

आम्ही हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "जाऊ दे, पितळेचा एक जुना अडकित्ताच तर होता."

"मला हवा होता तो," एस्तेर म्हणाली. "फार हवा होता."

आणि चालता चालता ती रडायला लागली. मी तिच्या बरोबरीनं चालत राहिले. वॉर्डाच्या दारात आम्ही दोघींनी तोंडं पुसली, टोप्या सरळ केल्या आणि आत गेलो.